शेवटचं प्रकरण वगळून

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन तिच्या यजमानांचा, शरदजींचा होता. "मंदाताई, कुमुद गेली हो," एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला, उरलेली मेथी निवडून संपवली आणि मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, चला, आता ती आणखी पुस्तक लिहिणार नाही. बासष्ट वर्षं जुन्या मैत्रिणीबद्दल असं वाटणारी बाई तुम्हाला आवडणार नाही. मलाही ती फारशी आवडत नाही. डोळ्यांतून टिपूस आलं नाही... दिवसभर नाही, तेराव्यालाही नाही.

हेव्याची सुरुवात तिसरीत झाली. जबलपूरच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पहिला नंबर माझा ठरलेला, कुमुदचा कुठेतरी मध्ये. बाईंनी 'माझी आई' हा निबंध घातला होता. माझा निबंध बाईंनी वाचला, "शाबास" म्हणाल्या आणि वही बंद केली. मग कुमुदचा वाचायला घेतला. तिने लिहिलं होतं की आईचं एक जोडवं हरवलं, घरात त्या दिवशी चार जण येऊन गेले आणि त्यातल्या एकाने पाणी मागितलं पण प्यायला नाही. एवढ्यावर पान संपलं होतं. बाईंनी वही उलटीपालटी केली. "मग जोडवं कोणी घेतलं गं?" त्यांनी विचारलं. सगळा वर्ग मान वळवून बघत होता. कुमुद उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या सांगते बाई." बाई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्यांनी आधी तेच विचारलं. माझा निबंध वाचून मला कोणी कधीच काही विचारलं नव्हतं. माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झाले, शाळेत शिकवायला लागले, कविता करू लागले. एक संग्रह निघाला. त्याच्या बऱ्याचशा प्रती अजून माझ्याच कपाटात आहेत. कुमुद लग्न होऊन जबलपुरातच चेरीताल भागातल्या घरात गेली आणि शरदजी ऑफिसला गेले की जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडून रहस्यकथा लिहू लागली. सराफ्यात दागिने गाठवून देणारी विधवा यमुनाबाई ही तिची नायिका. रेशमात मणी ओवता ओवता ती समोरच्याला बोलतं करायची आणि खुनी शोधायची. त्या कादंबऱ्या पुण्याच्या प्रकाशकाने भराभर छापल्या. हिंदीच्या या गावात बसून मराठी लिहिणारी बाई म्हणून तिचं कौतुक व्हायचं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक माझ्याजवळ यायचे ते "तुम्ही कुमुदताईंच्या मैत्रीण ना?" असं विचारायला. मी गोड हसून हो म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. तिच्या लिखाणाला मी 'प्रवासात वाचायची पुस्तकं' म्हणायचे, तिच्या तोंडावर. ती म्हणायची, "मग काय झालं? लोक प्रवास करूनच राहिले ना!"

तिची एक पद्धत होती. कादंबरी लिहून झाली की शेवटचं प्रकरण काढून ठेवायची आणि बाकीचं हस्तलिखित मला आणून द्यायची. मी वाचायचं आणि खुनी कोण ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मी लिहिलेलं नाव बरोबर निघालं तर ती शेवट मोडून नव्याने लिहायची. "तुला कळलं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला कळलं," असं म्हणायची. हा मान होता की टोमणा ते मी कधी विचारलं नाही. तीन वेळा मी बरोबर ओळखलं आणि तीनदा तिने महिना महिना खपून पुस्तक बदललं.

मग ती सिहोऱ्याच्या धान्यवाल्याच्या जबलपुरात झालेल्या खुनाची कादंबरी आली. त्यात डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणतो की मी आत्ताच सिहोऱ्याच्या बसमधून उतरून थेट इथे आलो, पण त्याच्या हातातला खव्याच्या जिलेबीचा पुडा अजून गरम असतो. बसच्या प्रवासात पुडा गरम राहत नाही, म्हणजे तो आधीपासून गावातच होता; मी तिथेच ओळखलं. तिला सांगायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात माझ्या कविता एका मासिकाकडून साभार परत आल्या होत्या. मी चिठ्ठीवर 'धाकटी सून' असं लिहिलं. एकदा तरी हिचं पुस्तक पडू दे, एकदा तरी लोक म्हणू देत की हिला जमलं नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पुस्तक पडलं नाही. तेच सगळ्यात जास्त चाललं! नागपूरहून, इंदूरहून पत्रं आली. आम्ही जिलेबीपाशीच ओळखलं, घरात पैज लागली होती, फार मजा आली, असंच सगळ्यांचं. ती पत्रं कुमुद मला वाचून दाखवत होती आणि मी जळत होते. मधेच थांबून तिने विचारलं, "काहून गं मंदे, तुला कसं नाही कळलं?" मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं." ती "अच्छा" म्हणाली आणि पुढचं पत्र उघडलं. तेव्हा मला आठवलं की वह्या तपासायच्या सवयीने मी जिलेबीच्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. नंतर ती रबराने खोडली होती खरी, पण मुलांनी खोडलेली उत्तरं उजेडात धरून मीच आयुष्यभर वाचत आले होते. तिने काही पाहिलं का, हे विचारायची हिंमत मला पुढे कधीच झाली नाही.

गेल्या महिन्यात शरदजी घरी आले. हातात हस्तलिखित आणि एक बंद पाकीट. "तिचं शेवटचं आहे. पाकिटात शेवटचं प्रकरण. तुमची चिठ्ठी झाल्याशिवाय प्रकाशकाकडे पाठवायचं नाही म्हणाली होती." मग म्हणाले, "आणि असंही सांगून गेली की मंदाने ओळखलं तर शेवट मंदानेच नवा लिहायचा. आणखी म्हणाली, तिला सांगा, या वेळी खरं लिही. म्हणजे काय हो? मला तर काही समजलं नाही."

मला समजलं होतं. तिला माहीत होतं, तरी ती पुढच्या प्रत्येक कादंबरीसाठी माझ्याच दारात आली होती.

पाकीट आठ दिवस माझ्या फ्रिजवर होतं. उघडून बघायचं, नाव लिहायचं आणि परत चिकटवायचं, एवढंच काम. तिच्या पुस्तकाचा शेवट माझा झाला असता. जन्मभर मला हेच तर हवं होतं! मी दोनदा हात लावला, पण उघडलं नाही. हस्तलिखित तीनदा वाचलं, जीव तोडून वाचलं, आणि मला खरंच वाटलं ते नाव लिहून चेरीतालला गेले.

शरदजींनी चिठ्ठी वाचली, पाकीट फोडलं, पानं चाळली. "नाही हो मंदाताई," ते म्हणाले. "दुसरंच कोणी आहे."

मला राग आला. मरूनसुद्धा हिने मला हरवलं, असा राग. आणि त्या रागातच रडू फुटलं, इतकं की शरदजी घाबरून चहा करायला उठून गेले. मी जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीत बसले आणि ते प्रकरण वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. हे मला कधीच लिहिता आलं नसतं.

"छान लिहिलंयस गं," मी म्हटलं.

शरदजी चहाचे कप घेऊन दारात उभे होते. "कोणाशी बोलून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"कुमुदशी," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं तिला."