काकांनी चोराला आजोबा दिले

गाडी पांढरी होती, सात जणांची, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. एवढं वाचूनच ती जाहिरात बंद करायला हवी होती. हे मी आज शहाणपणाने लिहीत नाहीये. आधीच परच्यावर छापून बनारसच्या दूधविनायकपासून रामघाटापर्यंत भिंतीभिंतीवर चिकटवलं होतं: गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका. ऑनलाइन फसवणुकीपासून लोकांना सावध करणारा आमचा सहा-सात जणांचा गट आहे. परचे आम्हीच लिहितो, खळही आम्हीच शिजवतो. एक परचा आमच्या दारासमोरच्या भिंतीवर होता. काका त्याच्याकडे पाठ करून ओट्यावर बसले आणि गाडीवाल्याशी फोनवर बोलले. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका मोहल्ल्यात, परचे वाटत होते.

काका रामघाटावरचे पुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचं तीर्थश्राद्ध करणं हे घरचं काम. घरात वह्या आहेत. येणारा यजमान आपलं गाव, आडनाव, बापजाद्यांची नावं लिहितो, सही करतो आणि जातो. चाळीस वर्षांनी त्याचा नातू आला की काका ते पान उघडून त्याच्यासमोर धरतात. माणसं रडतात. हाच आमचा धंदा, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पण हल्ली यजमान विमानतळावरूनच विचारतात, "गुरुजी, गाडी पाठवताय ना?" नाही म्हटलं की ते दुसऱ्या गुरुजींकडे जातात. आमच्या गल्लीत एक गाय आडवी उभी राहिली तरी रहदारी बंद पडते, तिथे गाडी कुठली शिरणार? ती बाहेर मोठ्या रस्त्यावर, मैदागिनलाच उभी करावी लागली असती. तरी काकांना हवी होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

विकणारा म्हणे फौजी. बदली झालीये, गाडी छावणीत उभी आहे, बाहेरच्याला आत सोडत नाहीत, म्हणून फौजेच्या ट्रकमधून घरपोच पाठवतो. ही गोष्ट आमच्या परच्यावर जशीच्या तशी होती. फरक एवढाच, की हा मराठी बोलत होता. बनारसात आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे फोनवर कुणी "काका, आपल्या माणसाला द्यायचीये" म्हणालं की आमच्याकडचं अर्धं दार तिथेच उघडतं.

उरलेलं अर्धं काकांनी स्वतः उघडलं. त्यांनी त्याची चौकशी केली. अगदी नीट केली, त्यांना येते तशी. काकूने मला ती नंतर शब्द न् शब्द सांगितली.

"गाव कोणतं तुमचं?"

त्याने साताऱ्याकडचं एक गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. काकांनी फोन कानाशी दाबून वही काढली.

"थांबा हं. तुमच्याकडचे आलेत इथे. हे बघा, सापडलं. पलटणीत होते ना तुमचे आजोबा?" आणि काकांनी वहीतलं नाव मोठ्याने वाचलं.

मग, "होय की काका! तेच! तुम्हाला कसं ठाऊक?"

"आम्हाला नाही तर कुणाला ठाऊक असणार?" काका खूश झाले. त्यांच्या दृष्टीने तपास पुरा झाला होता.

मी घरी आले तेव्हा टोकनची आगाऊ रक्कम गेली होती, गेटपासचे पैसे गेले होते, आणि विम्याचे, परत मिळणारे म्हणे, तेवढे पाठवायचे बाकी होते. मी फोटोतला नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर घातला आणि फोन काकांसमोर धरला.

"काका, हा नंबर एका ट्रॅक्टरचा आहे."

"तू चुप बैस. परचे वाटून वाटून तुला जो तो चोर दिसायला लागलाय."

"मग त्याला व्हिडिओ कॉल करा. गाडीजवळ उभा राहा म्हणा."

"फौजेत तसलं चालत नाही बेटा."

"हे कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

"आणि आजोबांचं नाव? ते आधी त्याने सांगितलं की तुम्ही?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत. इथेच तर होते मी."

मी विचारलं, आणखी काय पाठवलंत? आधार कार्ड, दोन्ही बाजू. ते हातात धरून काढलेला स्वतःचा फोटो. आणि वहीचं ते पान. "पणजोबांपासूनच्या सह्या बघून त्याला बरं वाटेल म्हणून," काका म्हणाले.

पैसे गेल्यावरचे पहिले काही तासच हातात असतात. हेल्पलाइनला कळवलं, बँकेला कळवलं, तर पैसा वाटेत अडवता येतो. मी नंबर लावायला घेतला. काकांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे!

"रामघाटभर होईल गं. लोक म्हणतील, याला एक चोर ओळखता आला नाही, हा आमच्या सात पिढ्या काय ओळखणार? दोन दिवस थांब. मी बात करतो त्याच्याशी."

मी थांबले. "लाजेने गप्प बसू नका" हे वाक्य छापणारी मी गप्प बसले. त्या दोन दिवसांचा दोष काकांच्या माथी मारायचा नाही, तो माझा आहे.

फौजीचा फोन बंद झाला आणि काकांचा वाजू लागला. अनोळखी नंबर. "गाडी आहे का अजून?" काका म्हणत, राँग नंबर. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन मी उचलला. कुणी बाई होत्या, आवाज थकलेला. "गुरुजींना द्या ना जरा. ट्रक निघाला का विचारायचंय."

मी जाहिरातीची ती साइट उघडली. तीच पांढरी गाडी, बॉनेटवर तीच झाडाची सावली. पण विकणारे आता काका होते. कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं, हातात आधार कार्ड. खाली लिहिलं होतं: काशीतले पुरोहित, यजमानांसाठी घेतली होती, आता वय झालं, आपल्या मराठी माणसालाच द्यायची आहे. आणि शेवटचा फोटो आमच्या वहीच्या पानाचा. वर गावाचं नाव ठळक, खाली शिक्क्यात काकांचा नंबर. चोराचा नंबर लागला नाही की लोक तो लावत होते.

मी 'रिपोर्ट' दाबलं. उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार. गटातल्या सगळ्यांनी दाबलं. सगळ्यांचे आभार मानले गेले. संध्याकाळी जाहिरात तिथेच होती आणि तिच्यावर 'लवकर विकली जाईल' अशी पट्टी आली होती. असल्या आभारांना जोड्याने मारलं पाहिजे.

फोन मी काकांना दाखवला. ते उठले, उपरणं घेतलं आणि चपला घालू लागले.

पोलीस ठाण्यात तक्रारी लिहिणाऱ्या मुंशीने आधी जाहिरातीतला फोटो पाहिला, मग काकांना. "पंडितजी, शिकायत लिखवाने आए हैं या सफाई देने?"

"दोनों," काका म्हणाले.

मी सगळं कागदावर नेलं होतं: जाहिरातीची लिंक, सगळे संदेश, पैसे गेलेली खाती, प्रत्येक फोनची वेळ. तक्रार लिहून घेतली गेली. पैशांचं उत्तर तिथेच मिळालं: त्याच दिवशी चार खात्यांमधून फिरून गेले. "उसी दिन आते, तो कुछ होता." मुंशी मला म्हणाला नव्हता, पण ऐकलं मी.

घरी येऊन काकांनी त्या गावच्या यजमानांचे नंबर काढायला सांगितले. ती जाहिरात तिथल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत होती. मी नंबर वाचत होते, ते लावत होते. दोघांनी आभार मानले. एकाने हसून ठेवून दिला. चौथा म्हणाला, "गुरुजी? गुरुजींशी तर सकाळीच बोललोय मी. पैसे आत्ता टाकणारच होतो."

"तो दुसरा कुणीतरी आहे. टाकू नका."

"मग तुम्ही खरे कशावरून?"

काकांनी वही पुढे ओढली. "तुमचे आजोबा..."

"ते त्यानेही सांगितलं. पानच पाठवलंय. आजोबांची सही आहे त्यावर." पलीकडचा आता चिडला होता. "तुमच्यासारखा फोन येईल, असंही सांगून ठेवलंय त्याने."

काकांनी वही मिटली. मला वाटलं ते फोन ठेवतील.

"मला ओळखू नका," ते म्हणाले. "चोर समजा मला. चालेल. पण गाडी बघितल्याशिवाय कुणालाच पैसे देऊ नका. त्याला नाही, मलाही नाही."

तिकडून फोन बंद झाला. त्याने पैसे टाकले की नाही, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. पुन्हा लावला तर उचलत नाही.

"पुढचा सांग," काका म्हणाले.