सुभेदारांचा रोजचा रिपोर्ट

आमच्या गल्लीत पिणारे पुष्कळ होते, पण उघड पिणारा एकच. बाकीचे उसाच्या आडोशाला जात, वेलदोडा चघळत घरी येत आणि बायकोनं विचारलं की देवाची शपथ घेत. सुभेदार दिवेलागणीला स्वतःच्या ओट्यावर लोखंडी खुर्ची मांडत, स्टुलावर रमची बाटली आणि काचेचा ग्लास ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत पीत. कुणी टोकलं तर म्हणत, "चोरून प्यायला मी काय सासुरवाडीला आलोय?"

गाव सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचं. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. आमचं घर जैनांचं. पुढच्या सोप्यात वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, किराणा दुकान होतं. आईचे गुडघे दुखत, म्हणून कॉलेज संपल्यावर घरचं सामानसुमान आणि स्वयंपाक मी हातात घेतला होता. सुभेदार एकाहत्तरच्या लढाईनंतर निवृत्त होऊन आले आणि वर्षभरात त्यांची बायको गेली. आधी संध्याकाळचे दोन पेग असायचे, ते बाटलीवर गेले. लष्करी कँटीनची रम महिनाअखेरपर्यंत पुरेना, मग हातभट्टीची येऊ लागली. त्यांची एकुलती एक मुलगी विमल इस्लामपूरला मामाकडे शिक्षिकेचा कोर्स करायला निघून गेली. जाताना ओट्यावर उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, दिवे लागल्यावर माझ्याशी बोलायला या घरात माणूस असेल, तेव्हा मी येईन."

सुभेदारांनी दुसऱ्याच दिवशी बाटली मोरीत ओतली. एकदम बंद! गल्लीनं कौतुक केलं. पण दोन दिवसांत त्यांचे हातपाय लटलट कापायला लागले, अंगाला घाम सुटला आणि भिंतीवर नसलेल्या मुंग्या ते झटकू लागले. अण्णांनी जीप करून त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. परत आले ते थेट दुकानात. अजून अंगात त्राण नव्हतं, तरी ताठ उभे राहिले.

"अण्णा, डाक्टर म्हनला, एकदम तोडली तर जीव जाईल. हळूहळू कमी करायची. म्हंजी माघार घ्यायची, पन शिस्तीत. पळत सुटलेला फौजी मागनं गोळी खातो."

"बरं," अण्णा म्हणाले. अण्णा कमी बोलत.

"रोज सकाळी तुमाला रिपोर्ट दीन. खोटं सांगनार न्हाई."

तेव्हापासून त्यांच्या ग्लासवर एक चिकटपट्टी आली. पट्टीपर्यंतच भरायचा, तोही एकदाच. थोडे दिवस जमलं की पट्टी बोटभर खाली. आणि रोज सकाळी दुकान उघडलं की सुभेदार फळीसमोर उभे. "काल जिंकलो, अण्णा." किंवा, "काल हरलो." तेवढंच. कारण नाही, रडगाणं नाही. अण्णा दोन्ही वेळा एकच उत्तर देत, "बरं. चहा घ्या." गिऱ्हाइकं हसत. "काय सुभेदार, काल कोन जिंकलं? पाकिस्तान?" सुभेदार शांतपणे म्हणत, "काल तेच जिंकलं गड्या. बशीभर शेंगदानं घे आनि गप बस."

आषाढात चातुर्मास लागला. आमच्याकडे चार महिने जो तो एखादा नेम धरतो. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा तर सगळ्या घराचाच. सुभेदारांनी तो ऐकला आणि त्यांचे डोळे चमकले. पिणं सगळं दिवस मावळल्यावरचं. मावळल्यावर तोंडात काहीच घालायचं नाही असा नेम केला, की प्रश्नच मिटला! त्यांनी आईसमोर हात जोडून नेम घेतला. आईला कोण आनंद.

तिसऱ्या दिवशी, ऊन अजून कौलांवर असताना, सुभेदार भिंत धरधरून आमच्या दारात आले. चेहरा लाल, पण छाती पुढे. "वैनी, नेम पाळला बगा! दिवस मावळायच्या आत समदी संपिवली!"

झालं होतं असं, की दुपारपासून ते सूर्याकडे बघत बसले होते. सूर्य कलायला लागला तशी त्यांना घाई झाली, आणि पट्टी विसरून, पूर्वी रात्रभर पुरायची ती अख्खी बाटली त्यांनी दोन तासांत रिकामी केली. मी हसू दाबायला आत पळाले. आई मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं सुभेदार, नेम पोटासाठी असतो, सूर्याला फसवायला नसतो. उद्यापास्नं दिवस मावळायच्या आत आमच्यात जेवायला यायचं. आनि तोंडाला वास आला, तर उंबऱ्याच्या बाहेर."

ती शिक्षा नव्हती, युक्ती होती. वास चालणार नाही, म्हणजे जेवणाआधी प्यायची सोय नाही. आणि आमच्या घरच्या दोन भाकरी, आमटी, भात पोटात गेल्यावर रमची हौस निम्मी होई. सुभेदारांनी पाटावर बसून पहिला घास घेतला आणि चेहरा पाडला. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद. "वैनी, लसनाबिगर आमटी म्हंजी बंदुकीबिगर शिपाई." आईनं त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली. "शिपाई हाय न्हवं? मग बंदुकीबिगर लढा."

लढले. मावळतीचा नेम आता जेवणापुरता उरला; ग्लास जेवणानंतरच, दिवे लागल्यावर भरला जाई, आणि पट्टी हळूहळू खाली सरकत गेली. मधे बैलपोळ्याला हरले, दसऱ्याला तर लागोपाठ हरले. दसऱ्यानंतरच्या सकाळी ते दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभे होते. आत येणं जड जात होतं. तरी आले आणि म्हणाले, "हरलो." मला त्यांचं जिंकणं आठवतं त्याहून ही सकाळ जास्त आठवते. पडलेला माणूस चारचौघांत उभा राहून मी पडलो असं सांगतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दिवाळीला विमल येणार असा मामांचा निरोप आला. सुभेदारांनी घर झाडलं, ओटा शेणानं सारवून घेतला, लोखंडी खुर्ची आत नेली. आणि ज्या दिवशी ती यायची, त्या दिवशी दुपारी भीतीनंच त्यांचा घात केला. पट्टी ओलांडली गेली.

एस.टी. आमच्या दुकानासमोर थांबायची. विमल पिशवी घेऊन उतरली. सुभेदार ओट्यावरून खाली आले. पाय थोडे वाकडे पडत होते. आता ते गोळी-औषध, ऊन, काहीतरी कारण सांगणार, असं मला वाटलं. आई दारात होती, अण्णा फळीमागे. सुभेदार मुलीसमोर ताठ उभे राहिले.

"इमल, आज हरलो. काल जिंकलो हुतो. लय दिस जिंकत हुतो. आज हरलो."

विमल स्वतःच्या आईच्या आजारपणापासून "उद्यापासून सोडतो, तुझी शपथ" हेच ऐकत आली होती. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली, म्हणजे खरं आहे. मग तिनं पिशवी खाली ठेवली.

"जेवलात का?"

"न्हाई. वास हाय. वैनी आत घेत न्हाईत."

"मग आपल्या घरी जेवू. मी भाकरी टाकते. दिवस अजून आहे." आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "काकू, थोडा लसूण मिळेल का?"

"दुकानातनं घे बाई," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

विमल दिवाळीपुरती आली होती, ती कोर्स संपल्यावर घरी परतली. पुढे तिला साताऱ्याला शाळेत नोकरी लागली आणि ती बाबांना घेऊन गेली. सुभेदारांची कधीच पूर्ण सुटली नाही, हेही लिहिलं पाहिजे. पट्टी ग्लासाच्या बुडापाशी येऊन थांबली आणि तिथंच राहिली. घराचा कारभार माझ्या हाती आल्यापासून मी रोज कामांची यादी करते. संध्याकाळी जे राहिलं ते राहिलं म्हणते, त्याला कारणं जोडत नाही. ही सवय कुठून आली हे मला पक्कं ठाऊक आहे.

शेवटचे भेटले ते साताऱ्यात, विमलच्या घरी. संध्याकाळी पाचचा सुमार होता. केस पांढरे झाले होते. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीनं विचारलं, "काय सुभेदार, रिपोर्ट काय?"

ते काठी टेकून उभे राहिले. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यात त्यांना अण्णा दिसत असावेत.

"काल जिंकलो." मग खिडकीतून बाहेर, अजून वर असलेल्या उन्हाकडे बघत म्हणाले, "आजचं इचारू नगंस. दिवस मावळायचा हाय अजून."

आतून विमलनं हाक मारली, "बाबा, ताटं घेतेय." सुभेदार काठी टेकत, पण ताठ, जेवायला गेले.