अप्पांचं ‘ब्याड’

माझे अप्पा बेलूरच्या फौंड्रीत सत्तावीस वर्षं होते. बोलणं मोजकं. घरात आम्ही मराठी, पण नको म्हणायचं झालं की अप्पांच्या तोंडून कानडीच यायचं, ‘ब्याड’. चहा? ब्याड. नवा शर्ट? ब्याड. आई वैतागून म्हणायची, ह्या माणसाचं नाव ब्याडप्पाच ठेवायला हवं होतं.

रिटायर झाल्यावर फुप्फुसं गेली. फौंड्रीतल्या साच्यांच्या वाळूची धूळ, आणखी काय. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म काढला. आजार हाताबाहेर गेला तर काय उपचार करायचे, काय नाही, ते शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. अप्पांनी मला घरी आधीच सांगितलं होतं, “नूतन, घशात नळी घालू देऊ नको. रायापूरला आपल्या घरात मरू दे.” जन्मात तेवढंच मागितलं त्यांनी.

फॉर्म भरायच्या वेळी मी खाली औषधं आणायला गेले. बाई परमुलखातल्या, येऊन दोन महिने झालेले. त्यांनी हिंदीत विचारलं, श्वास थांबला तर मशीनवर ठेवायचं का? मास्कमधून अप्पा म्हणाले, ब्याड. बाईंना ऐकू आलं, बेड. त्यांनी लिहिलं, आयसीयूत बेड हवा, मशीन चालेल, आणि अप्पांचा अंगठा घेतला. मी वर आले आणि साक्षीदार म्हणून सही ठोकली. बी.ए. झालेली मी. एक पान वाचलं नाही. माझी अक्कल शेण खायला गेली होती.

जानेवारीत श्वास अडकला. ऑक्सिजनसाठी नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी तो कागद बघून नळी घातली. मी नको म्हणाले, तेव्हा माझीच सही मला दाखवली. नळी ओढू नये म्हणून अप्पांचे हात पट्ट्यांनी कॉटला बांधले. मला रडू आलं नाही. बाहेर बाकड्यावर बसून बिस्किटांचा पुडा संपवला.

सहाव्या दिवशी त्या बाई ड्युटीवर आल्या. अप्पा तेव्हा नेमकं काय म्हणाले, मी विचारलं; त्या म्हणाल्या, बेड. मी त्यांना ब्याडचा अर्थ सांगितला. त्यांनी जुन्या फॉर्मवर रेघ मारली. मग नळी काढून घरी न्यायचा नवा फॉर्म आला. नर्सनं एकेक ओळ कानडीत वाचली. अप्पांना सगळं कळत होतं. अंगठ्यासाठी उजवा हात सोडला. त्यांनी ठसा नीट चौकटीत दिला.

बाई म्हणाल्या, आणखी डॉक्टरांच्या सह्या लागतात, उद्यापर्यंत थांबावं लागेल, तोवर नळी ओढायची नाही. मी ते अप्पांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग सुटलेला हात स्वतःच पट्टीपाशी नेला आणि बांधायला पुढं धरला.

नर्स माझ्याकडे बघत राहिली. मी बांधला.