टीव्हीवरचा एमिल

एमिल डुरिशला गावात सगळे 'हिरो' म्हणत, आणि त्यात कौतुकाचा अंशही नव्हता.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या गावात एकदा सिनेमावाले आले होते. त्यांना काळवंडलेल्या चेहऱ्याची माणसं हवी होती आणि ती तिथं हवी तेवढी मिळत. एमिलला त्यांनी रांगेतून निवडून काढलं ते चेहऱ्यासाठी नव्हे, आवाजासाठी. खर्जातला, किंचित घोगरा आवाज होता त्याचा. चर्चमध्ये तो गायला लागला की पुढच्या बाकांवरच्या बायका माना वळवून बघत. सिनेमातल्या नायकानं त्याला खाणीचा रस्ता विचारायचा आणि एमिलनं सांगायचं की पुलावरून जाऊ नका, पूल खचलाय, एवढाच प्रसंग होता. त्याची नवी नवरी वर्ना दोरीपलीकडे उभी राहून बघत होती. नायक दोनदा अडखळला, एमिल एकदाही नाही, हे ती नंतर भेटेल त्याला सांगत सुटली.

वर्षभरानं सिनेमा लागला तेव्हा निम्मा गाव थिएटरात लोटला. एमिलनं लग्नातला कोट घातला होता. सिनेमा सुरू झाला, संपला, दिवे लागले. एमिल त्यात कुठंच नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, "हिरो, तुझा सीन आला तेव्हा तू पॉपकॉर्न आणायला गेला होतास काय रे?" सगळं थिएटर खदखदून हसलं. एमिलही हसला.

गावाला चघळायला एक विषय लागतो, तो मिळाला. पाळीवर जाताना, बिअरच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर तोच विनोद. एमिल आधी हसायचा, मग नुसता मान हलवायचा, मग त्याने चर्चमध्ये गाणं सोडलं. वर्नाचे दिवस भरत आले होते. ती म्हणायची, "अरे, मी पाहिलंय ना माझ्या डोळ्यांनी!" तो म्हणायचा, "तू माझी बायको आहेस. तुझं कोण खरं धरतंय?"

मुलगी झाली, रोंडा. ती रांगायलाही लागली नव्हती तेव्हा खाणीचं छत कोसळलं आणि एमिल गेला. दफनानंतर हॉलमध्ये जेवण होतं, हॅम आणि कोबी घातलेल्या शेवया. ताट वाढून घेताना कोणीतरी हळहळत म्हणालं, "बिचारा हिरो!" वर्नाने हातातलं ताट तिथंच ठेवलं आणि ती घरी गेली. गावावरचा तिचा राग त्या दिवशी जो बसला तो कायमचा.

रोंडा चार वर्षांची असताना तो सिनेमा टीव्हीवर लागला. वर्नाला तो बघायचा नव्हता. ती शर्टाच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवून आली होती, पोरीला झोपवून इस्त्री करत होती, आणि जाऊन चॅनल बदलायचा तिला कंटाळा आला होता. तिची पाठ टीव्हीकडे होती. अचानक खोलीत एमिल बोलला.

ती वळली. तोच होता. टोपी मागे सरकवलेली, हात कमरेवर. सांगायचं ते सांगून तो वळला आणि निघून गेला. खाली उशीचा अभ्रा जळाला होता हे तिला वासानं कळलं.

दुसऱ्या दिवशी एमिलचा भाऊ अँडी धावत आला. "वर्ना, होता गं तो! खरंच होता!"

"हे मला सांगतोस?" वर्ना म्हणाली. "पाच वर्षं मी दुसरं काय बोलत होते?"

अँडीने कोणाकोणाला विचारून कारणही शोधून आणलं. टीव्हीवर दाखवायचं म्हणून सिनेमातल्या शिव्या आणि रक्तपात कापला, तर सिनेमा आखूड झाला. पण टीव्हीवाल्यांना ठरलेला वेळ भरून हवा. म्हणून थिएटरसाठी कापून टाकलेले तुकडे गोळा करून मध्ये जोडले. एमिल त्या भरतीत परत आला होता. गावातले चारदोन जण वर्नाला भेटून ओशाळं हसले. ज्याला ऐकवायचं तो मातीखाली होता, तेव्हा तिने त्यांना कॉफीही विचारली नाही.

रोंडा मोठी झाली ती एकच प्रश्न विचारत, वडिलांचा आवाज कसा होता. फोटो घरात पुष्कळ होते, पण एमिलचा आवाज कशावरही नव्हता. घरात व्हीसीआर आला त्या दिवशी मायलेकींनी दुकानातून त्या सिनेमाची कॅसेट भाड्याने आणली. एमिल नव्हता. रोंडाने पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. दुकानदार म्हणाला, "बाई, कॅसेट थिएटरवाल्या सिनेमाची असते. टीव्हीवरचं जास्तीचं यात नाही मिळायचं." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून दर आठवड्याचं टीव्हीचं वेळापत्रक पहिल्यांदा तीच वाचायची.

आणि सिनेमा पुन्हा लागला तो नेमका रोंडा हवाई दलात भरती होऊन टेक्सासला प्रशिक्षणाला गेली तेव्हा. तिथं कसला टीव्ही! फोनवर बोलायला मिळालं तेवढ्यात ती म्हणाली, "मॉम, रेकॉर्ड कर. अँडीकाकाला बोलाव."

"अँडी कशाला? मला येतं की."

अँडी तरीही येऊन बजावून गेला, "बटण दाब आणि गप्प बस. टेप मोठी आहे, चालू दे सगळं."

"म्हणजे त्याच्या मागेपुढे साबणाच्या जाहिराती? नाही हं."

आता यात वर्नाचंही काय चुकलं? तेव्हा तिकडे जाहिराती गाळून केलेली टेप म्हणजे घरच्या बाईची शान होती. जाहिरात आली की बटण दाबून टेप थांबवायची, सिनेमा सुरू झाला की परत दाबायचं. ज्यांच्या टेपमध्ये जाहिराती राहत त्यांची कारखान्यात टर उडे. वर्नाने आठवडाभर मालिकांवर हात बसवला होता.

शनिवारी संध्याकाळी ती मशीनपुढे जमिनीवरच बसली. जाहिरात, बटण. सिनेमा, बटण. एकदाही चुकलं नाही. मग पुन्हा जाहिराती लागल्या आणि तिने टेप थांबवली. जाहिराती संपल्या आणि पडद्यावर तो रस्ता आला, टोपी मागे सरकवलेला एमिल आला. तो बोलायला लागला. वर्नाचं बोट बटणावर होतं. ती श्वास रोखून ऐकत होती. किती तरुण होता तो! आता तो तिचा मुलगा शोभेल एवढा दिसत होता. तो वळून गेला, तेव्हा तिची नजर मशीनवर पडली. थांबवल्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

सोमवारी तिने टीव्ही केंद्राला फोन केला. तिकडची बाई फार गोड बोलली, पण रीळ ज्यांचं त्यांना परत गेलं होतं. पुढे त्या चॅनलने सिनेमा पुन्हा लावला तो थिएटरवाला.

रोंडाने फोनवर विचारलं, "झालं?" वर्ना म्हणाली, "झालं." तिची जीभ दुसरं काही बोलायला वळलीच नाही.

नाताळला रोंडा घरी आली. केस कापलेले, ताठ चालणारी, बापासारख्या खांद्यांची. कोट काढायच्या आधी तिने टेप लावली. वर्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सिनेमा छान स्वच्छ चालला होता, आणि एका प्रसंगातून टुणकन पुढच्या प्रसंगात गेला. शेवटपर्यंत पाहून रोंडाने मान वळवली.

"डॅड कुठं आहेत?"

वर्नाने सांगितलं. लाल दिव्याचंही सांगितलं. "मी त्याच्याकडे बघत राहिले गं," ती म्हणाली.

रोंडा अगदी हळू म्हणाली, "तू त्यांच्याबरोबर संसार केलास, मॉम. भांडलीस, हसलीस, एका ताटात जेवलीस. माझ्या वाट्याला एवढंसं होतं. तेही तूच बघून टाकलंस."

वर्नाने टेबलावर मांडलेली ताटं उचलून परत फडताळात ठेवली. रोंडा ठरल्यापेक्षा आधीच निघून गेली. जाताना तिने आईला मिठी मारली, पण ती निरोपाची नेहमीची मिठी होती.

पुढे दर रविवारी तिचा फोन येई. हवा, पगार, अँडीकाकाचा दमा. टेपचं नाव दोघीही काढत नसत. दोन हिवाळे असेच गेले. मग एका रविवारी बोलता बोलता रोंडा थांबली आणि लहानपणी विचारायची तसं म्हणाली, "मॉम, कसा होता गं त्यांचा आवाज?"

वर्नाने सांगायला तोंड उघडलं. एमिलचे शब्द तिला सगळे आठवत होते, एकूणएक. ती ते मनातल्या मनात एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली. दोन्ही वेळा ते तिच्या स्वतःच्याच आवाजात आले.

"मॉम? ऐकू येतंय ना?"

"येतंय," वर्ना म्हणाली, आणि रिसीव्हर घट्ट कानाला लावून तशीच उभी राहिली.