तापल्यावर दिसणारा बिघाड

यज्ञेश्वर देवकुळे तीस वर्षं बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्त करत होते. दुकानात पाटी होती: ‘सेट दोन तास चालवून पाहिल्याशिवाय परत मिळणार नाही. घाई असल्यास नवीन घ्यावा.’ आणि लोक खरंच नवीन घेऊ लागले होते. दोन हजार एक साल, हप्त्यावर काय वाट्टेल ते मिळत होतं. पाटी मात्र जागची हलली नाही. काही बिघाड सेट तापल्यावरच दिसतात हे त्यांचं ठाम मत, आणि गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही हे त्याहून ठाम.

अशा या गृहस्थांना मंडईतून भाजी आणताना छातीवर दडपण येऊ लागलं. ईसीजी नॉर्मल आला, तर तो कागद त्यांनी घरभर मिरवला. पण बायको, शालनताई, ऐकणाऱ्यातल्या नव्हेत.

“अहो, थंड सेट चालला की तुम्ही लगेच परत देता का?”

झालं. स्ट्रेस एकोची, म्हणजे हृदयाला दमवून त्याची सोनोग्राफी करण्याची, वेळ ठरली.

काही निघालं आणि दुकान महिनाभर बंद राहिलं तर उरलीसुरली गिऱ्हाइकंही जातील, या धास्तीने त्यांना आदल्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. पण दवाखान्यात यंत्र दिसलं आणि स्वारी खुलली. आवाजाच्या लाटा आत जातात, आपटून परत येतात आणि त्यांचं चित्र होतं, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून खोदून खोदून काढून घेतलं. बाईंनी आधी शांत हृदयाची चित्रं घेतली, मग त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं.

सहाव्या मिनिटाला दडपण आलं.

“काही त्रास?”

“छे.”

ठोके पुरेसे वाढल्यावर बाईंनी त्यांना लगबगीने डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा चित्रं घेतली. पडद्यावर आधीचं आणि आत्ताचं हृदय शेजारी शेजारी धडधडू लागलं. बाई बोलायच्या आत यज्ञेश्वरांचं बोट वर गेलं.

“ही बाजू मागे पडतेय. थंड असताना बरोबर चालत होती.”

“तिथे रक्त कमी पोचतंय,” बाई म्हणाल्या. “चालताना खरंच काही झालं नाही?”

यज्ञेश्वरांनी बोट खाली घेतलं.

“झालं. सहाव्या मिनिटाला.”

“मग बोलला का नाहीत?”

“गिऱ्हाईक कुठे खरं सांगतं?” यज्ञेश्वर म्हणाले. मग आवाज उतरला. “ठेवून घ्या, बाई. मला घाई नाही.”