होळीचे बावीस खाडे

माजिवडं मागे पडलं तरी हौसाबाईंनी तोंड उघडलं नव्हतं. सुहासिनीला नवी चप्पल चावत होती. पण तक्रार कुणाकडे करणार? कोलशेतच्या गिरणीपासून कळव्यापर्यंत चालत जायचं तिनंच ठरवलं होतं. हौसाबाई डोईवर पदर आणि हातात रिकामा डबा घेऊन, झाडाची सावली धरून चालल्या होत्या.

"पाय दुखत्यात न्हवं?" शेवटी त्याच म्हणाल्या.

"नाही हो."

"न्हाई कसं? तुमी कोपरीतनं मोटारीनं येता. आमच्या बाया ह्याच वाटंनं येत्यात. पाच मिनटं उशीर झाला की तुमची तांबडी शाई तयारच."

हे त्या हसत हसत म्हणाल्या, म्हणूनच सुहासिनीला जास्त लागलं.

गिरणीच्या लेबर ऑफिसात लागून तिला पाच महिने झाले होते. साल चोपन्न. कायद्यानं मोठ्या गिरण्यांना कामगारांच्या कल्याणासाठी माणूस नेमणं भाग पडलं, म्हणून तिच्यासारखीला ही नोकरी मिळाली. मुंबईला सहा महिने वर्गाला जाऊन तिनं वही भरली होती: माणसांची निवड, शिक्षण, हजेरी, तक्रारी, उत्तेजन. वही तिला तोंडपाठ होती. आणखी एक महिना नीट गेला की ती कायम होणार होती.

हौसाबाई सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्याच्या नायकीण, म्हणजे त्या खात्यातल्या बायकांच्या मुकादम. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याबरोबर कळव्याला आल्या, तो पटकीनं गेला, आणि चुलीपुढं बसून रडायला सवड नव्हती म्हणून गिरणीत आल्या. वाचता येत नव्हतं. नवी बाई कामाला आली की तिला दिवसभर तुटलेल्या सुताच्या गाठी मारायला बसवायच्या आणि गाठी बघायच्या. "लई आवळून मारती ती तापट. सैल मारती ती भित्री. तापटीच्या शेजारी भित्री बसवायची न्हाई, मधी एक शांत पायजे." सुहासिनीच्या वहीत निवडीवर चार पानं होती, पण गाठीवर एक ओळ नव्हती.

दोघी कळव्याच्या पुलाशी आल्या. खाडीला ओहोटी लागली होती.

"पिशवीत काय हाय, बाई?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय. तुमच्या तोंडानं सांगा."

पिशवीत शाईची डबी होती आणि माफीनामा होता. होळीच्या दिवशी खात्यातल्या बावीसच्या बावीस बाया, सगळ्या कळव्याच्या, आल्या नव्हत्या. बंद यंत्रांमध्ये हौसाबाई एकट्या उभ्या होत्या. गिरणीच्या साहेबांनी हुकूम काढला, सोमवारपर्यंत बावीस अंगठे माफीनाम्यावर, नाहीतर बावीस नावं हजेरीपुस्तकातून कमी. अंगठे घ्यायला सुहासिनी निघाली होती, आणि गाव दाखवायला हौसाबाई.

"माफी मागितली की नोकरी राहील," सुहासिनी म्हणाली. "मी साहेबांकडून तेवढं कबूल करून घेतलंय."

"आन् फुडं खाडा झाला तर?"

"मग मात्र नाव जाईल."

"म्हंजी एकच साल. फुडच्या साली होळी येनारच की वं!" हौसाबाई कठड्याला टेकल्या. "ह्या आगऱ्यांच्या बाया. दिवाळीला एक येळ कामावर येतील, होळीला मेल्या तरी यायच्या न्हाईत. शेवंतीचं नवं लगीन झालंय, पैली होळी. ती काय सासूला सांगंल, गिरणीत जाते म्हणून? मला एक सांगा, सुट्ट्यांची यादी कुनी क्येली?"

अर्ध्या वाटेपासून सुहासिनीला हाच प्रश्न येणार हे ठाऊक होतं. साहेबांनी सहा सण लिहून मागितले होते. तिनं देवापुढं दिवा लावला आणि घरी मोठे म्हणून पाळत ते सहा सण लिहिले. रामनवमी लिहिली, महाशिवरात्र लिहिली. होळी मनातसुद्धा आली नाही. त्यांच्या घरी शिमग्याला दारं-खिडक्या लावून बसत, पोरांच्या कानावर शिव्या पडू नयेत म्हणून. आपण पाळतो तेवढेच सण, असं तिला खरंच वाटत आलं होतं.

"मी केली," ती म्हणाली. "कुणाला विचारलं नाही."

"साहेबाला म्हाईत हाय?"

"नाही. त्यांना वाटतं, बायकांनीच सांगितलेले सण आहेत."

पलीकडून मिठाची गाडी आली, ती जाईपर्यंत दोघी कडेला उभ्या राहिल्या. सुहासिनीनं मनात देवाचं नाव घेतलं. मग पिशवीतून माफीनामा काढला, दोनदा दुमडला आणि फाडला.

"उद्या लिहून देते. यादी माझी, चूक माझी. बायकांना विचारून नवी यादी करते म्हणून."

"तुमची नोकरी पक्की व्हायची हाय."

"व्हायची असली तर होईल. आता गावात चला. अंगठे नकोत, पण त्यांना कोणता दिवस हवा ते त्यांच्याच तोंडून ऐकते."

"चला. शेवंतीच्या घरी पोळी खावी लागंल, तवर कुनी बोलायची न्हाई." हौसाबाई चार पावलं चालल्या आणि थांबल्या. "बाई, माझं एक काम करा."

"सांगा ना."

"मी एकटीच हजर हुते म्हणून साहेब सोमवारी फाटकापाशी समद्यांफुडं मला लुगडं देनार हाईत. व्हय ना?"

ती सूचनाही सुहासिनीचीच होती, वहीतल्या 'उत्तेजन' या पानावरची.

"तेवढं लुगडं थांबवा. ते नेसून ह्या पुलावरनं मी कुनासंगं चालू?"