नसलेल्या नवऱ्याची चौकशी

माझ्या नवऱ्याच्या चपला दहा नंबरच्या होत्या. नवरा नव्हता. चपला मी बोईसरच्या बाजारातून आणल्या होत्या, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की कोऱ्या करकरीत चपला दाराबाहेर ठेवल्या तर शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून पंधरा दिवस मी त्या घालून घरात फिरले. मोरीपासून गॅसपर्यंत, गॅसपासून खिडकीपर्यंत, फटक फटक. माझी लेक हसून हसून गादीवर लोळायची.

खरा नवरा होता, पण तो वापीला कामाला गेला आणि तिकडेच रमला. आधी फोन यायचे, मग मिस्ड कॉल, मग नंबरच बंद. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहावं असं त्याने काही केलेलं नाही. लेक तेव्हा चार वर्षांची होती. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, अजूनही आहे. गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरकत जातात आणि एखादी गोळी भरायची राहिली असेल तर ती पट्टी उचलून बाजूला टाकायची. दिवसभर हेच. माझी नजर चांगली आहे असं सुपरवायझर म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं.

तो गेल्यावर जुनी खोली सोडावी लागली आणि नवी शोधताना कळलं की बोईसरमध्ये खोली बाईला मिळत नाही, फॅमिलीला मिळते. तिसऱ्या घरमालकाने विचारलं, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं, "नाइटला असतात." एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर आम्हाला दहा बाय बाराची खोली मिळाली आणि त्या वाक्याला पुढे चार वर्षं मी जेवू घातलं.

कारण नुसतं म्हणून भागत नाही. चाळीत राहायचं म्हणजे नवरा दिसायला नको का! चपला झाल्या. मग दोरीवर वाळत घालायला एक शर्ट आणला, निळ्या चौकटींचा. दर रविवारी तो न घातलेला शर्ट मी धुवायचे. वर्षभरात त्याचा रंग उडाला. शेजारच्या मावशी, मूळच्या शिरगावच्या, माशाची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, एकदा म्हणाल्या, "एकच शर्ट हाय काय गो तुज्या नवऱ्याला? बिचारा!" मग दुसरा आणावा लागला. खिडकीत दाढीचा ब्रश ठेवला. चाळीतल्या आमच्या लाइनमधल्या बायका नवऱ्याच्या दारूवरून, जुगारावरून रडायच्या. माझा नवरा ना पीत होता ना खेळत होता, तरी महाग पडत होता.

त्याची कीर्ती मात्र वाढत गेली. घरमालक म्हणायचे, "तुमचे मिस्टर फार सभ्य. कधी वर आवाज नाही." गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं कुजबुजत बोलायची, काकांची झोप मोडू नये म्हणून. एक बाई तर आपल्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याचं उदाहरण द्यायची. मला कधी कधी खरंच अभिमान वाटायचा. इतका गुणी माणूस मीच घडवला होता.

लेकीला मी नीट पढवलं होतं. मी घरी नसताना कोणीही दार वाजवलं तर उघडायचं नाही, आतूनच सांगायचं, "पप्पा झोपलेत, नाइट करून आलेत." मग तो गॅसवाला असो, मीटर बघणारा असो की प्रत्यक्ष देव असो. सेकंड शिफ्ट असली की मी तीनला निघायचे आणि अकराला सुटायचे. तेव्हा ती मावशींकडे जेवायची. घरात बाप असताना पोर शेजारी का जेवते, असं मावशींनी कधी विचारलं नाही. "बाप्यांना पोरांचं करता येतं काय?" असं त्या स्वतःच म्हणायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि घरमालकांनी सांगितलं की चाळ पाडायची, बिल्डिंग उठवायची. वर्षभरात खोल्या रिकाम्या करा. पुन्हा नवी खोली, पुन्हा नवी चाळ, पुन्हा पहिल्यापासून नवरा. तेवढ्यात कारखान्यातल्या एकीने सांगितलं की एका योजनेत घरं निघालीत, विधवा आणि टाकलेल्या बायकांचा आधी विचार करणार आहेत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याने टाकल्याचा काही उपयोग दिसत होता.

मी अर्ज भरला. पालघरच्या कचेरीतल्या खिडकीवर ज्यांनी अर्ज घेतला त्यांनी माझी पगाराची स्लिप बघितली आणि विचारलं, "तुम्ही तर नोकरी करता. मग अडचण काय आहे?" त्यांच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. मी म्हटलं, "साहेब, नोकरी नसती तर स्वतःचा हिस्सा कुठून भरला असता?" ते म्हणाले, "हां, नोकरी तर लागतेच." म्हणजे बाई निराधार हवी, पण हप्ते वेळेवर भरणारी हवी. रडकी हवी, पण स्लिपवाली हवी. मला इतका राग आला होता की परत येताना बोईसरपर्यंत मी रिक्षातल्या अनोळखी बाईला योजनेचे सगळे नियम समजावून सांगितले. ती उतरताना म्हणाली, मी वाणगावला चाललेय, मला काही अर्ज करायचा नाही.

महिना गेला. खिडकीवर गेले तर अर्ज नामंजूर. कारण विचारलं. त्यांनी फाइल उघडली आणि चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. "अर्जदार महिलेच्या घरी भेट दिली असता अर्जदाराचे पती रात्रपाळी करून घरी झोपलेले आढळले."

मी म्हटलं, "कोण आढळले?"

"पती."

"झोपलेले?"

"असं लिहिलंय बाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फर्स्ट शिफ्टला असताना, दुपारी दोनला, चौकशी करणारे भाऊसाहेब येऊन गेले होते. सरकारी चौकशी कामाच्या वेळेत होते आणि मी कामाच्या वेळेत कामावर असते, हे काही कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. दार माझ्या आठ वर्षांच्या लेकीने आतून सांभाळलं होतं. पढवलेलं वाक्य तिने शब्द न चुकता म्हटलं होतं. बाहेर चपला, दोरीवर शर्ट, खिडकीत ब्रश. त्यातून भाऊसाहेबांनी शेजारीपाजारी विचारलं असेल तर अख्खी चाळ त्याच्या सभ्यपणाचे गोडवे गायली असणार. एवढा भक्कम पुरावा तर वापीवाल्याच्या असण्यालाही नव्हता.

"साहेब, तो नाहीये," मी म्हटलं.

"मग गेला कुठे?"

"कुठेच गेला नाही. तो नव्हताच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, एकदा आढळलेला माणूस असा नाहीसा होत नाही. घटस्फोटाचा कागद आहे?"

"नाही."

"मयत झालाय का?"

"नाही हो."

"मग हरवल्याची तक्रार करा."

म्हणजे जो माणूस कधी नव्हता तो हरवला म्हणून मी पोलिसांत जायचं, आणि वर्णनात लिहायचं की दहा नंबरची चप्पल, निळा शर्ट, स्वभाव शांत. मला हसू आवरेना. खिडकीवाल्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "बरं, फेरचौकशीचा अर्ज द्या. या वेळी घरी थांबा. आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील."

फेरचौकशीच्या दिवशी मी बिनपगारी रजा टाकली. आदल्या दिवशी चाळभर फिरून सगळ्यांना खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही, पण सगळ्यांची तोंडं घरात कोणी गेल्यासारखी झाली. आपल्या नवऱ्याला उदाहरण देणारी बाई तर म्हणाली, "आता मी कुणाचं नाव घेऊ?" घरमालकांना चाळ पाडायचीच होती, ते फक्त म्हणाले, "तरीच लाइट बिल एवढं कमी."

भाऊसाहेब आले. साधा, घामाघूम झालेला माणूस, काखेत फाइल. मी त्यांना चपला उलट्या करून दाखवल्या, चार वर्षांत तळ झिजलेला नाही म्हणून, शर्टाची कॉलर दाखवली, तिच्यावर मळाची रेघसुद्धा नाही म्हणून. त्यांना पटलं. समोरच्या भैयाने सही केली. "हमने तो कभी देखा ही नहीं," असं तो म्हणाला, आणि भाऊसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरी सही मावशींची.

मावशी हाताची घडी घालून उभ्या. "मी नाय करनार."

"अहो मावशी!" मी म्हटलं.

"खोटी सही मी नाय करनार. तुजा काय राग हाय तो बोल त्याला, पन मानूस हाय त्याला नाय कसा बोलू? मी त्याचं खोकनं आयकलंय."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"कसलं खोकणं?" मी विचारलं.

"बाप्याचं खोकनं. घोगरं. तुजी दुपारपाळी असली ना, की नवाच्या नंतर. रोज. आमी आडवी पडतो आनि तो भिंतीपलीकडं खोकतो. मी काढा नाय दिला तुला, आलं टाकून? तो काय तुज्यासाठी व्हता?"

तो काढा मी प्यायले होते, दोन आठवडे, माझ्यासाठीच आहे समजून. मी मावशींना समजावलं की भास झाला असेल, पलीकडच्या लाइनमधला आवाज असेल, मांजर असेल. "मांजर खाकरतं काय?" मावशी म्हणाल्या. कुणीतरी मागून भुताचा विषय काढला. भाऊसाहेब म्हणाले, भूत असेल तर तसं लिहिता येणार नाही, तसा रकाना नाही. लोक हसले. पण ते फाइल बांधायला लागले होते, आणि माझं घर त्या फाइलीत चाललं होतं. एका खोकल्यापायी जाणार सगळं!

"तो खोकला माझाय," माझी लेक म्हणाली.

ती दारात उभी होती, शाळेच्या गणवेशात. सगळे वळले तशी ती जरा मागे सरकली, पण बोलली. "मावशी जेवण देते, मग दार लावून घेते. मग मी आपल्या घरात येते आणि कडी लावते. मग बाहेर ते दारू पिणारे येऊन बसतात, पायरीवर. एकदा त्यांनी कडी हलवली. मग मी खोकले. तेव्हापासून रोज खोकते."

"करून दाखव बरं," भाऊसाहेब म्हणाले.

तिने मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकवली आणि पोटातून असा काही जाड, घोगरा खोकला काढला, वर शेवटी एक खाकरणं, की आठ वर्षांच्या पोरीच्या आत पन्नाशीचा बाप्या बसलाय असं वाटावं. चाळ हसायला लागली. भाऊसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. भैयाने टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं, सही केली आणि पोरीला पोटाशी धरलं. "बोलायचं ना गो बाय, मी घेतली नसती काय माज्याजवळ?"

मी पण हसले होते, ते आता सांगायला लाज वाटते. मग मी तिला विचारलं, "किती वेळ खोकायचीस?"

"तू येईपर्यंत," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सदर महिला एकटी राहत असल्याची खात्री झाली." मी सही केली. मला घर हवं होतं.

घर मिळालं. उमरोळीच्या बाजूला, दोन खोल्या, स्वतंत्र मोरी. सेकंड शिफ्ट मी सोडली, जनरल घेतली. त्यात पगार कमी पडतो आणि हप्ता भरताना नाकी नऊ येतात, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ओळीबद्दल आहे. ती खोटी होती आणि ते मला सही करतानाच कळलं होतं. मी एक दिवसही एकटी राहिले नाही. मी त्या खोलीत असायचे तेव्हा माझ्याजवळ ती असायची. एकटी ती राहायची.